बोटावरची पिवळी चिंधी

आमच्या आळीत बोर्डो कालवावं ते दादानं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. बोर्डो म्हणजे मोरचूद, तो तांब्याचा निळा खडा, आणि चुना यांचं निळं पाणी. पावसाआधी ते पोफळींच्या घोसांवर मारायचं, नाहीतर श्रावण येईपर्यंत कोवळी सुपारी सडून झाडाखाली पसरते. कृती सांगायला सोपी आहे. मोरचूद एका पिंपात विरघळवायचं, चुना दुसऱ्यात, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतत काठीनं ढवळत राहायचं. अवघड ते पुढंच. चुना कमी पडला तर मोरचूद मोकळं राहतं, आणि मोकळं राहिलेलं मोरचूद घोसच जाळून टाकतं. जे औषध म्हणून मारलं तेच विष होतं.

ते मोकळं राहिलंय की नाही, हे ओळखायला दादाकडे एक कोयती होती. ढवळून झालं की तो तिचं पातं दगडावर घासून चकचकीत करायचा आणि पिंपात बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना. पातं गेलं तसंच बाहेर आलं तर काम झालं. पाच-सहा वाड्यांचं बोर्डो दादा असं कालवून द्यायचा. कुणाकडून काही घ्यायचा नाही. त्या दिवशी त्याच्या चालण्यात एक ऐट असायची, तेवढीच त्याची कमाई.

दादा, माझा मोठा भाऊ, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा आहे. वडील गेले तेव्हा वाडी त्यानं घेतली आणि शिक्षण मी. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण झालं तसं. मी मुंबईला गेलो, कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात लागलो आणि आयुष्याची चांगली पंचवीस वर्षं तिथल्या वाफेत घालवली. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचो, जाताना सोललेल्या सुपारीची पिशवी घेऊन जायचो. ती सुपारी झाडावर टिकावी म्हणून कुणी काय केलं, हे मी कधी विचारलं नाही. कारखाना बंद झाल्यावर मी परत आलो तो या वाडीतच. दादानं एका शब्दानं विचारलं नाही की आता कसा आलास. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मी आलो तेव्हा दादाची ऐट गेलेली होती. लागोपाठ दोन वर्षं त्यानं कालवलेल्या बोर्डोनं घोस भाजले होते. आधी आमच्या वाडीतले, मग गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी कुंपणापलीकडच्या, चाचांच्या वाडीतले, मग वरच्या आळीतले. कोवळ्या फळांवर काळे डाग पडले, फळं सुकली, गळली. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, मोरचूद भेसळीचं असणार. दुसऱ्या वर्षी कुणी काही म्हणालं नाही, नुसतं बोलवायचं बंद केलं. बाजारात तयार पुडीचं औषध मिळायला लागलं होतं, ते महाग पडायचं, पण लोकांनी तेच आणलं.

चाचा तेवढे बोलायचे. त्यांचं आणि दादाचं लहानपणापासूनचं. दोघं मिळून बुरोंडीच्या बंदरावर मासळी आणायला जायचे, दोघं मिळून शाळा बुडवायचे. चाचांचा मुलगा कुवेतला आहे आणि वाडी चाचा एकटेच बघतात. एकदा गडग्यावर हात टेकून ते दादाला म्हणाले, "भाऊ, तुझा हात आता मोरचुदाला नको लावूस. माश्याला लाव. माश्याला काय होत नाय."

दादा हसला. रात्री जेवताना वहिनीला म्हणाला, "या साली शेवटचं बघतो. जळलं तर वाडी खंडानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकायची. मला नाय झेपत."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. मला वाटलं, हे वाक्य त्यानं मला ऐकवण्यासाठी म्हटलंय. तसं नव्हतं हे आता कळतं. पण मनात ओझं असलं की माणसाला प्रत्येक वाक्य आपल्यावर सोडलेलं वाटतं.

मेच्या शेवटाला दादानं पिंपं काढली. फक्त आपल्या वाडीपुरतं करायचं होतं. मोरचूद आदल्या दिवशी गोणपाटाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात टांगून ठेवलं होतं, ते विरघळून पाणी निळंशार झालं होतं. चुन्याची पिशवी नाक्यावरच्या दुकानातून आणलेली होती, पांढरी बारीक पूड. दादानं ती पाण्यात सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पूर्वी कळीचा चुना यायचा. पाण्यात टाकला की चुरचुर करायचा, वाफ यायची, पिंपाला हात लावता यायचा नाय. आता हा असा. थंड."

"मग चालतो का?"

"सुरी सांगते ना चालतं ते."

मी पाणी शेंदून आणत होतो. तेवढंच मला जमत होतं. पाडेलीनं यायचं कबूल केलं होतं. पाडेली म्हणजे पोफळी-माड चढणारा गडी. तो दहाच्या सुमाराला येणार आणि त्याच्या आधी मिश्रण तयार हवं, कारण कालवलेलं बोर्डो त्याच दिवशी मारावं लागतं. दादाच्या डाव्या हाताच्या बोटाला आदल्या संध्याकाळी बांगड्याचा काटा लागला होता. वहिनीनं हळद दाबून त्यावर जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती. ती चिंधी हळदीनं इतकी भिजली होती की बोट झेंडूच्या फुलासारखं दिसत होतं.

दोन्ही बादल्या एकदम ओतायला दोन माणसं लागतात. एक बादली मी धरली, एक दादानं. ओतताना चुन्याचं पाणी त्याच्या हातावरून ओघळलं आणि ती चिंधी चिंब झाली. दादानं हात झटकला आणि ढवळायला लागला. मिश्रण हिरवट निळं झालं, वर थोडा फेस आला.

मी त्या बोटाकडे बघत राहिलो. काहीतरी चुकत होतं आणि काय ते मला कळत नव्हतं. कारखान्यात मला ही सवय लागली होती. रंगाच्या टाकीत काही बिघडलं की आधी डोळ्याला खुपायचं, कारण नंतर सापडायचं.

दादानं कमरेची सुरी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, पिंपात बुडवली आणि धरून उभा राहिला. बाहेर काढली. लखलखीत.

"झालं," तो म्हणाला. "पाडेलीला हाक मार."

तेव्हा मला कळलं. चिंधी पिवळीच होती.

हळदीला चुना लागला की ती लाल होते. ही काही शोधाची गोष्ट नाही. कुंकू त्यातूनच होतं, आमच्या घरी माझी आई करायची. हळदीचा डाग पडलेला बनियन साबणानं धुतला की डाग लाल होतो आणि धुणाऱ्या बाईची चिडचिड होते, तेही सगळ्यांनी बघितलेलं आहे. चुना, साबण, सोडा, राख यांत खार असतो. पाठ्यपुस्तकात त्याला आम्लारी म्हणतात. हळद खाराला लाजते, आणि आंबटाला नाही, लिंबू पिळा, ती पिवळीच राहते. चुन्याच्या पाण्यात चिंब झालेली हळदीची चिंधी लाल व्हायला हवी होती. नाही झाली.

"दादा, थांब जरा."

"काय झालं?"

"चुन्यात चुना नाही."

दादानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मुंबईहून येताना डोकं तिथंच विसरून आलोय. "सुरी साफ आली. डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितली. पण तुझं बोट बघ."

तो बोटाकडे बघायच्या आधीच गडग्यावरून आवाज आला. चाचा कधीचे उभे होते कुणास ठाऊक. "बोटाला काय झालं? पडलं की काय?"

"चाचा, तुमच्या डब्यातला चुना द्या जरा," मी म्हणालो.

"पान खायचंय? ह्या वेळेला?"

"पान नको. नुसता चुना."

चाचांचा पानाचा डबा त्यांच्या खिशातच असतो. त्यांनी तो गडग्यावर उघडून ठेवला. पानाचा चुना ओला असतो, झाकणाखाली असतो, तो जिवंत राहतो. मी त्यातला कणभर बोटावर घेतला आणि दादाच्या चिंधीच्या कोपऱ्याला लावला. तिथं विटेसारखा लाल डाग उमटला, बघता बघता पसरला.

मग मी माजघरात गेलो, वहिनीकडून हळदीचा डबा घेतला. "भावजी, काय लागलंय का तुम्हाला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही, चिंध्या हव्यात." तिनं एक जुनं धोतर हातात दिलं आणि मागोमाग तीही बाहेर आली. मी धोतराच्या पट्ट्या फाडल्या, हळद थोड्या पाण्यात कालवून त्यांना चोळली. एक पट्टी पिंपातल्या बोर्डोत बुडवली. तिच्यावर निळी माती बसली, पण जिथं नुसतं पाणी चढलं होतं तिथं ती पिवळीच होती. दुसरी पट्टी चुन्याच्या उरलेल्या पाण्यात बुडवली. तीही पिवळी, कडेला जेमतेम तपकिरी. तिसरी चाचांच्या चुन्यात. लालभडक.

"हा चुना जुना आहे," मी म्हणालो. "हवा लागून मेला आहे. नुसती खडूची पूड झाली आहे त्याची. ह्यानं मोरचूद दबत नाही."

"मग सुरी?" दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "सुरी खोटं बोलते?"

मी सुरीकडे बघितलं. तेवढ्यात पाडेली आला. त्याच्या कमरेला त्याची कोयती होती, गंजलेली, धार लावून लावून बारीक झालेली. मी ती मागितली. पाडेली द्यायला तयार नव्हता. "माझी रोजीरोटी हाय ती, त्यात काय बुडवताव?" वहिनी म्हणाली, "द्या हो, तुम्हाला नवी आणून देईल दीर माझा." तेव्हा त्यानं दिली. मी तिचं टोक दगडावर घासलं, चकाकलं, आणि पिंपात धरलं.

बाहेर काढलं तर टोकाला तांब्याचा लाल थर. घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा. शंकाच नको.

"माझी कोयती!" पाडेली ओरडला.

"पुसली की जाईल," मी म्हणालो, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. माझं लक्ष त्या लखलखीत सुरीवर होतं, जी दादानं पिंपाच्या कडेवर ठेवली होती.

ती सुरी मीच आणली होती. एका गणपतीला. दादाची जुनी कोयती झिजली होती, मूठ हलत होती, आणि मुंबईच्या दुकानात मी ही स्टेनलेस स्टीलची मोठी सुरी बघितली, न गंजणारी. मला वाटलं, इतकी वर्षं सुपारी नेतो, काहीतरी चांगलं नेऊन द्यावं. दादा इतका खूष झाला होता की त्यानं जुनी कोयती भंगारवाल्याला देऊन टाकली. न गंजणाऱ्या पोलादावर तांबं चढत नाही. त्याच्या अंगाला असा एक पापुद्रा असतो की मोरचूद त्याला शिवू शकत नाही. ज्या गुणासाठी मी ती आणली त्याच गुणानं ती आंधळी होती. बोर्डो बरोबर असो की चूक, ती दर वेळी स्वच्छच बाहेर येणार. आणि कोयती नेहमी खरं सांगते याची दादाला सवय होती, म्हणून त्यानं सुरीवर विश्वास ठेवला. थंड चुना त्याला खटकला होता. हाताला कळलं होतं. पण माझी सुरी म्हणाली बरोबर आहे, आणि त्यानं हातापेक्षा सुरीचं ऐकलं.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. एक क्षणभर मला वाटलं, हे बोलू नये. चुना मेला होता एवढं पुरे होतं. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं, सुरीचं कुणाच्या लक्षात आलं नसतं. तो क्षण फार लांब नव्हता, पण होता.

"दादा, दोष सुरीचा आहे," मी म्हणालो. "म्हणजे माझा. स्टेनलेस आहे ती. तिला मोरचूद कळत नाही. दोन वर्षं तू बरोबर बघत होतास, पण जिच्यातनं बघत होतास ती मी दिलेली होती."

दादानं सुरी उचलली. उलटसुलट करून बघितली, जणू पहिल्यांदा. मग त्यानं ती वहिनीकडे दिली.

"घे. तुझी झाली. सुरमई काप हिनं."

"आणि हो," गडग्यावरून चाचा म्हणाले, "भाऊच्या हातात काय दोष नव्हता म्हणजे."

"तुझ्या जिभेत होता," दादा म्हणाला.

वहिनी खुदकन हसली, मग चाचा, मग पाडेलीही, कोयती पुसता पुसता. मी हसलो नाही. मला वाटत होतं की आता कुणीतरी मला काहीतरी बोलायला हवं. कुणी बोललं नाही. दादा माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "उभा काय राहिलास? चुना आण. चांगला आण. दुपारच्या आत आण."

मी मोटारसायकल काढली आणि दापोलीला गेलो. वाटेत चढावर एक एसटी होती, तिच्यामागून जावं लागलं आणि मी तिला इतक्या शिव्या घातल्या की आता आठवून लाज वाटते. एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात कळीचा चुना होता, पण मी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. खिशात हळदीच्या दोन पट्ट्या होत्या. दुकानदाराला म्हटलं, थोडं पाणी द्या. त्यानं एका खड्यावर पाणी टाकलं. खडा चुरचुरला, तडकला, वाफ आली, आणि पट्टी टेकवताच लाल झाली. दुकानदार म्हणाला, "हळद लावून चुना घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय." मी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत तो घट्ट बांधला, हवा लागू नये म्हणून, आणि गाडीच्या टाकीवर पोटाशी धरून परत आलो.

दुपारचं ऊन फणसाच्या झाडाखालीसुद्धा लागत होतं. दादा, वहिनी आणि पाडेली पिंपाभोवती बसले होते. चाचा गडगा ओलांडून आत आले होते, त्यासाठी त्यांनी लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडली होती. दादानं चुना विरवला. तो फुलला, पिंप तापलं, आणि त्याच्या तोंडावर वाफ आली तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. बऱ्याच वर्षांनी घरी आलेल्या माणसाला भेटतात तसा.

मग आम्ही तो सकाळच्या बोर्डोत थोडा थोडा घातला. दादा ढवळायचा, मी पट्टी बुडवायचो.

"काय?"

"पिवळी."

आणखी एक तांब्या.

"काय?"

"पिवळीच."

"घाला, घाला," चाचा म्हणाले. "पानात घालताना हात आखडता घेत नाय आपण."

आणखी एक तांब्या. मिश्रणाचा हिरवट रंग जाऊन ते हळूहळू आकाशी व्हायला लागलं. मी पट्टी बुडवली, काढली आणि उन्हात धरली. वरच्या कडेला, जिथपर्यंत पाणी चढलं होतं तिथं, एक बारीक लाल रेघ उमटत होती. रेघ जाड झाली. तिचा पट्टा झाला.

"लाल," मी म्हणालो. माझा आवाज मोठा निघाला.

दादानं पाडेलीची कोयती मागून घेतली, स्वतः घासली आणि बुडवली. बराच वेळ धरली. बाहेर काढली तेव्हा ती जशीच्या तशी होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग पट्टीकडे, मग परत कोयतीकडे. दोघी एकच सांगत होत्या.

"चढ," त्यानं पाडेलीला सांगितलं.

पाडेली पंपाची नळी घेऊन चढला. एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसरीचा शेंडा ओढून घ्यायचा आणि न उतरता पुढं जायचं, ही त्यांची रीत. निळे तुषार घोसांवर पडत होते, खाली आमच्या डोक्यावर पडत होते. वहिनीनं पदर डोक्यावर घेतला आणि तो निळा झाला. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी झाली.

पुढचे काही दिवस मला झोप नीट लागली नाही. उजाडलं की मी वाडीत जायचो आणि मान वर करून घोस बघायचो. भाजणार असेल तर लवकरच दिसतं, काळे ठिपके येतात. मला वाटायचं, आपल्या शहाणपणानं आणखी एक वर्ष घालवलं तर? दादा मात्र निवांत होता. एक दिवस तो माझ्या मागून आला आणि म्हणाला, "मान मोडेल. उतर खाली." मी खालीच होतो, वर होती ती नुसती नजर.

ती बेचैनी घालवायला मी वहिनीच्या स्वयंपाकघरात पट्ट्या करत बसलो. चिंध्यांऐवजी लग्नपत्रिकांची जाड पाकिटं कापली, कारण आमच्याकडे ती पोतंभर साठलेली असतात. हळदीची पट्टी फक्त खार सांगते, आंबट सांगत नाही, म्हणून परसातल्या जास्वंदीची फुलं गरम पाण्यात कुस्करून दुसऱ्या पट्ट्या केल्या. त्या जांभळट होतात, आंबटात गुलाबी होतात आणि खारात हिरव्या. वहिनीनं आधी मला वेड्यात काढलं. मग तिनं स्वतःच एक पट्टी ताकात बुडवली. मग आमसुलाच्या पाण्यात. मग पापडखारात. मग भांड्याच्या साबणात.

"भावजी, विहिरीचं बघा!" ती ओरडत आली. "विहिरीचं काहीच नाय होत!"

"चांगलं आहे ते. काही व्हायला नको."

"मग मजा काय," ती म्हणाली आणि शेजारणीचा सांबार आणायला गेली. तिचं माहेर सावर्ड्याचं, माहेरीही तिनं फोन करून सांगितलं की आता कुणाच्या घरचं काय आंबलंय ते मला कागदावर कळतं. भिंतीवरच्या दोरीला पिवळ्या आणि जांभळ्या पट्ट्या चिमट्यांनी लटकलेल्या असायच्या, जत्रेतल्या पताका असाव्यात तशा.

घोस भाजले नाहीत. आठवडा गेला, दोन गेले, फळं हिरवीगार आणि घट्ट होती. पाऊस लागला, गळ सुरू व्हायचे दिवस आले, आणि आमच्या पोफळींखाली सकाळी सुपारी सापडत नव्हती. मी वाकून वाकून शोधायचो. नाही सापडली की हसत पुढच्या झाडाखाली जायचो. खरं सांगायचं तर त्या आनंदात झाडांचा वाटा थोडा होता आणि माझा जास्त. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्या वाडीला काहीतरी कामाचं दिलं होतं, आणि जे निस्तरावं लागलं ते माझ्याच सुरीनं केलेलं होतं, हेही मी विसरलो नव्हतो. पण तरी आनंद होता. तो होऊ दिला.

पावसाची उघडीप मिळाली की बोर्डो दुसऱ्यांदा मारावं लागतं. त्या सकाळी आम्ही पिंपं काढत होतो तेव्हा गडग्यावर एक स्टीलचा तांब्या आला. त्यामागून चाचा आले.

"हे माझं कालवलंय," ते म्हणाले. "पुडीचं औषध संपलं. मोरचूद आणलं, चुना आणला. म्हटलं आपलं आपण करू. बघ जरा तुझ्या कागदानं."

दादानं तांब्या घेतला. मी पट्टी पुढं केली. त्यानं ती स्वतः बुडवली, शांतपणे बाहेर काढली आणि चाचांसमोर धरली. पिवळी.

"चाचा," दादा म्हणाला, "हात मोरचुदाला लावू नकोस. माश्याला लाव."

चाचांना हसू फुटलं, इतकं की त्यांना गडग्याला धरावं लागलं. "इतके दिवस पोटात ठेवलंस होय रे हे!"

"परत द्यायचं होतं. वेळ यायची होती."

"मग ये आता. कालव. वरच्या आळीतलेही बसलेत माझ्या पडवीत, पिंपं घेऊन. मीच म्हटलं त्यांना, कालवायचं तर भाऊनं."

दादानं खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला. वहिनी दारात उभी होती, हातात ती लखलखीत सुरी आणि खाली ताटात अर्धी कापलेली सुरमई. दादा आमच्या कळीच्या चुन्याची पिशवी घेऊन गडगा ओलांडून पलीकडे गेला. दोन वर्षांत तो ह्या बाजूनं त्या बाजूला गेला नव्हता. पलीकडून पिंपं सरकवल्याचा आवाज आला, चुना चुरचुरल्याचा आवाज आला, आणि मग त्याची हाक, पूर्वीसारखी, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी:

"अरे, उभा काय राहिलास? पट्ट्या आण! सगळ्या आण!"

मी दोरीवरच्या सगळ्या पिवळ्या पट्ट्या ओढून काढल्या, चिमटे तिथंच पडले, आणि गडग्यावर पाय ठेवला.